रोज एक मे

परवा कूलरवाला येऊन खसच्या नव्या ताट्या बसवून गेला. पंप सुरू केला, पाणी ताट्यांवरून खाली उतरलं आणि तो वास खोलीभर झाला. नागपुरात मे महिना आधी नाकात येतो, कॅलेंडरवर नंतर. दरवर्षी हा वास आला की मला उगाचच बरं वाटतं. या वर्षी नाही वाटलं. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि मी टेबलाशी एक वाक्य घेऊन बसले आहे. वाक्य माझंच आहे. इतकी वर्षं मी ते लोकांना ऐकवत आले. आता ते पुस्तकात छापून येणार म्हटल्यावर हात पुढे सरकत नाही.

वाक्य असं आहे: 'मे महिन्यातल्या एका दुपारी, खोलीत खिरीचा डबा उघडलेला असताना, उरलेल्या धाग्यांची युक्ती मला सुचली.'

मृण्मयी नावाची एक तरुण प्राध्यापिका नागपूर आणि आसपास लिहिल्या गेलेल्या सॉफ्टवेअरचा इतिहास गोळा करते आहे. तिला एक प्रकरण माझ्याकडून हवं आहे, आम्ही तरुणपणी लिहिलेल्या 'पदर' नावाच्या प्रोग्रॅमवर. मी आनंदाने हो म्हटलं. निवृत्त बाईला कुणी तिच्या तरुणपणाबद्दल विचारलं तर ती आणखी काय म्हणणार? पहिल्या फोनला तिने सगळं ऐकून घेतलं आणि नम्रपणे विचारलं, "मॅडम, गोष्ट छानच आहे. पण काही पुरावा मिळेल का? फाइल, प्रिंट, काहीही." मला जरा रागच आला. पुरावा कसला मागतेस बाई, मी आहे ना जिवंत.

नागपूरच्या महाल भागात दुसऱ्या मजल्यावर आमची एक खोली होती. पश्चिमेला खिडकी, डोक्यावर तापलेलं छप्पर, आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि आम्ही दोघं, प्रमोद आणि मी. कूलरही एकच, आणि त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे. मशीन तापलं तर बंद पडेल, माणसं तापली तर फार तर चिडतील, असा प्रमोदचा साधा विचार होता. दहाच्या आत खोलीत शिरायचं आणि ऊन उतरेपर्यंत बाहेर पडायचं नाही. पडणार तरी कुठे? प्रमोद लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून यायचा आणि दुपारी तोच कांदा फोडून चिवड्याबरोबर खायचा. लाइट गेली की लिहिलेलं सगळं पुसलं जायचं, कूलर थांबायचा, आणि आम्ही अंधाऱ्या पडद्यासमोर गप्प बसून राहायचो. त्या खोलीत मी पूर्ण एक उन्हाळा काढला. कधी कधी वाटतं, अजून काढतेच आहे.

काम उमरेडच्या विणकरांच्या एका संस्थेचं होतं. साडीच्या पदरावर या काठापासून त्या काठापर्यंत फुलांची ओळ विणायची तर आधी तिचा नकाशा चौकटीच्या कागदावर काढावा लागतो. एक चौकोन म्हणजे एक धागा. हाताने तो काढायला दिवसच्या दिवस जायचे. आमच्या प्रोग्रॅमला एक फूल दाखवायचं, मग त्याने अख्खी ओळ छापून द्यायची. ऐकायला सोपं आहे. पण मागावरचे धागे ठरलेले असतात आणि फुलं त्यात नेमकी बसतीलच असं नाही. आमच्या मशीनने इमानदारीने एकामागे एक फुलं मांडली आणि शेवटचं फूल काठाजवळ अर्धं कापलं.

ते अर्धं फूल पाहायला यायचे देवाजीभाऊ. संस्थेने कागद तपासायला त्यांना नेमलं होतं. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, पांढरा शर्ट, डोक्याला ओला दुपट्टा. उमरेडहून पहिल्या बसने यायचे. खुर्ची दिली तरी जमिनीवरच बसायचे, कारण कागद लांबलचक असायचा आणि तो पसरल्याशिवाय त्यांना वाचता यायचा नाही. बोटाने चौकोन मोजत एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरकायचे आणि शेवटी त्या अर्ध्या फुलावर येऊन थांबायचे. "बाई, हे फूल मरून राहिलं इथं," असं म्हणायचे. मला दरवेळी अपराध्यासारखं वाटायचं.

आता त्या तारखेचं सांगते, कारण सगळा घोटाळा तिनेच केला. ज्या साधनात आम्ही प्रोग्रॅम लिहीत होतो त्याची प्रत फुकटची होती. तीस दिवस वापरा, मग विकत घ्या, नाही तर ते उघडायचंच नाही. विकत घेण्याची आमची ऐपत नव्हती. त्या काळचं मशीन सकाळी सुरू केलं की आधी विचारायचं, आज तारीख काय? प्रमोद रोज सकाळी उत्तर द्यायचा, एक मे. बिचारं मशीन विश्वास ठेवायचं. त्याचे तीस दिवस कधी संपलेच नाहीत. बाहेर नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस, सुरू झाला, लग्नं उरकली, आमच्या खोलीत मात्र रोज महाराष्ट्र दिनच होता. आपण फार हुशार आहोत असं तेव्हा वाटायचं. पुढे कुणी या कामाचा इतिहास लिहील, हे डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं.

देवाजीभाऊंच्या मात्र ते लगेच लक्षात आलं होतं. प्रत्येक कागदाच्या माथ्यावर प्रोग्रॅम तारीख आणि वेळ छापायचा. एकदा त्यांनी तीन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "बाई, याच्यावर रोज एक तारीखच काहून येते? मले समजत नाही ना, कोनता कागद आधीचा अन् कोनता नंतरचा." प्रमोद हसला. "भाऊ, मशीनचं तसंच असते," म्हणाला. मीही हसले. देवाजीभाऊ हसले नाहीत. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी बारीक लिहिलं. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

पुस्तक ट्रंकेत पडून राहिलं तरी पुस्तकच राहतं. वाळवीने खाल्लं तरी उरलेली पानं वाचता येतात. सॉफ्टवेअरचं तसं नाही, ते चाललं तरच आहे. ते चालवायला तेच मशीन लागतं, तीच फ्लॉपी वाचणारं तोंड लागतं. ती फ्लॉपी माझ्याकडे होती, लग्नाच्या अल्बमच्या पिशवीत. सीताबर्डीतल्या एका दुकानदाराने बराच खटाटोप करून ती वाचून दिली. "मॅडम, इतनी पुरानी चीज का क्या करोगे?" त्याने विचारलं. इतिहास लिहायचाय म्हटलं तर त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

फाइलींची यादी पडद्यावर आली आणि मला हसू फुटलं, मग ते थांबलं. सगळ्या फाइली एक मेच्या. पहिली ओळ लिहिली तीही एक मेला आणि काम संपवलं तेही एक मेला. प्रमोद फक्त तारीख बदलायचा, घड्याळाला हात लावायचा नाही, म्हणून वेळ मात्र खरी होती. म्हणजे दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी काय लिहिलं ते आज सांगता येतं, पण ती दुपार कोणत्या दिवसाची ते नाही. बरं, जुन्या नोंदी तरी असाव्यात? त्याही नाहीत. फ्लॉपी महाग, म्हणून नवं लिहिलं की जुन्यावरच ठेवायचं. चुका, खोडलेलं, अर्धवट सुचलेलं, सगळं आम्ही आमच्याच हाताने पुसत गेलो. उरला तो शेवटचा, स्वच्छ, चालणारा प्रोग्रॅम. तो कसा झाला हे विचारलं तर तो मुका आहे.

त्यातली 'वाटप' नावाची फाइल चार दहाची. उरलेल्या धाग्यांची युक्ती त्यातच आहे. मी लगेच मृण्मयीला फोन लावला. "बघ, दुपार निघाली की नाही?"

"निघाली. पण कोणत्या दिवसाची, मॅडम?"

"बुद्धपौर्णिमेची," मी म्हटलं. ते मला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी देवाजीभाऊ घरच्यांबरोबर दीक्षाभूमीला आले होते. घरचे तिकडे थांबले आणि हे उन्हातून आमच्यासाठी खिरीचा डबा घेऊन महालात आले, जिने चढून. तांदळाची, गुळाची खीर. डबा ठेवून पाणी प्यायले आणि गेले. मी चमचा चाटत पडद्यासमोर बसले आणि तेव्हा ते सुचलं. उरलेले धागे शेवटी एका जागी ठेवायचे नाहीत. फुलांच्या मधल्या फटींमध्ये एकेक करून वाटून टाकायचे. एखादी फट एका धाग्याने मोठी झाली तर डोळ्याला कळत नाही, आणि शेवटचं फूल पूर्ण येतं. तासाभरात लिहून झालं. प्रमोदने कागद छापला आणि मला टाळी दिली.

या गोष्टीवर मी आयुष्य काढलं म्हटलं तरी चालेल. पुढे कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागले. दरवर्षी पहिल्या वर्गाला मी ती सांगायचे, खिरीसकट. मुलं खिरीला हसायची आणि युक्ती लक्षात ठेवायची. निरोप समारंभात माझ्या एका विद्यार्थिनीने तीच गोष्ट माईकवरून सांगितली, माझ्यापेक्षाही रंगवून. मी पहिल्या रांगेत शालीत बसून डोळे पुसले होते.

"म्हणजे त्या दिवसांतला एखादा छापलेला कागद मिळाला की झालंच," मृण्मयी म्हणाली. महिनाअखेरीस पुस्तक छपाईला जाणार होतं. मला आठवलं, कागद देवाजीभाऊ घरी न्यायचे, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी लिहायचे.

म्हणून गेल्या आठवड्यात मी सकाळच्या एसटीने उमरेडला गेले. देवाजीभाऊ आता नाहीत. त्यांची सून वंदना भेटली, चाळिशीची, शिवणकाम करणारी. माग केव्हाच निघाला, त्या जागी शिलाई मशीन आहे. मी कोण ते सांगितलं तर तिने मला नीट निरखून पाहिलं. "तुमी महालातल्या बाई का? कॉम्प्युटरवाल्या?" मग पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि पलंगाखालची ट्रंक ओढली. वर एक साडी होती, सासूची. पदर उलगडून दाखवला. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत फुलं, एकही कापलेलं नाही. मी डोळे ताणून वाटलेले धागे शोधले. मला सापडले नाहीत, आणि लिहिणारी मी होते. नीट झालेलं काम असंच असतं, दिसत नाही. अर्धं फूल उरलं असतं तर त्याच्याकडे बोट तरी दाखवता आलं असतं.

साडीखाली कागद होते, गुंडाळी करून सुतळीने बांधलेले. "बाबानं फेकू नाही देल्ले कोनाले," वंदना म्हणाली. आम्ही ते जमिनीवर पसरले, ती एका टोकाला आणि मी दुसऱ्या. माथ्यावर सगळीकडे तेच, एक मे. पण कोपऱ्यात पेन्सिलीचं बारीक अक्षर होतं. 'पौर्णिमेच्या आधी अकरा रोज.' 'पौर्णिमेच्या आधी सात रोज.' मशीन सांगत नव्हतं म्हणून माणसाने आपलं आपण लिहून ठेवलं होतं. आमच्या उन्हाळ्याचं खरं कॅलेंडर उमरेडात ट्रंकेत होतं. काय आनंद झाला मला, सांगता येत नाही. मृण्मयीला कसं कळवायचं याचे शब्दही मी जुळवायला लागले.

मग तो कागद आला. कोपऱ्यात लिहिलं होतं, 'पौर्णिमेच्या आधी तीन रोज.' शेवटचं फूल अर्धं, कापलेलं. आणि ओळीतल्या प्रत्येक दोन फुलांच्या मधे पेन्सिलीने एकेक उभी रेघ. मी रेघा मोजल्या. अर्ध्या फुलात जितके धागे, तितक्याच रेघा. कापलेल्या फुलावर काट मारलेली, आणि खाली तीन शब्द: 'बाईले सांगतलं. वाटा.'

त्याच्या खालचा कागद पौर्णिमेनंतरचा. त्यावर सगळी फुलं पूर्ण होती.

खिरीचा दिवस मीच सांगितला होता. वर्षानुवर्षं, माईकवरून. खीर नसती तर मला निसटता आलं असतं. पौर्णिमेआधीच मला सुचलं असेल, कोण जाणे, असं म्हणता आलं असतं. पण गोष्ट गोड व्हावी म्हणून मीच तो डबा तिच्यात ठेवला होता, आणि आता तोच मला बाहेर पडू देईना.

वंदना कागदाकडे पाहत नव्हतीच. ती साडीची घडी घालत म्हणाली, "बाबा सगळ्यायले सांगत जाय. म्हनत, शिकल्या-सवरल्या बाईनं माह्यं ऐकलं. मी म्हनलं अन् तिनं मशीनमधी टाकलं. लय खुशी होती त्याहिले." मी इतकी वर्षं सांगत होते, मला सुचलं. ते तितकीच वर्षं सांगत होते, बाईनं ऐकलं. त्यांच्या गोष्टीत मी होते. माझ्या गोष्टीत ते फक्त खीर घेऊन आले होते.

परतीच्या बसमध्ये मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच सांगितलं होतं का त्यांनी? सीट तापलेली, खिडकीतून झळा, आणि मला त्यांचा आवाज अगदी स्पष्ट ऐकू आला, "उरलेलं एका जागी काहून ठेवता बाई? वाटून टाका. कोनाले दिसत नाही." पण हे आठवलं की तो कागद पाहून मी आता रचलं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी खोटं बोलत होते का? नाही, शपथेवर नाही. ऐकलेलं तीन दिवस डोक्यात मुरलं आणि वर आलं तेव्हा ते माझंच वाटलं. असं होतं. पण ज्याचं ऐकलं तो जमिनीवर बसलेला असला की जास्त सहज होतं. हे मला साठीत कळलं, आणि त्याची लाज वाटते.

प्रमोद पुण्याला असतो. त्याला फोन केला. त्याला ना कागद आठवत होता, ना खीर. "अवं मंदा, मले तर फक्त तारीख बदलवनं आठवते," तो म्हणाला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "राहू दे ना. प्रोग्रॅम तर तूच लिहिला होता. इतक्या वर्षांनी कोन पाहून राहिलं?"

त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. लिहिला मीच होता. तो कागद वंदनाने माझ्याकडे दिला आहे, सांभाळून आणून द्या म्हणून, आणि त्याचं महत्त्व तिला माहीत नाही. मृण्मयीला मी पौर्णिमेनंतरचा कागद पाठवला तर तिचं काम होतं, माझं होतं, शालीची इज्जत राहते. फाइली माझ्याविरुद्ध काही बोलणार नाहीत, त्यांना एकच दिवस माहीत आहे. चार दिवस मी याच विचारात या खोलीत फिरते आहे. पडदे ओढलेले, कूलर घरघरतो आहे, आणि मी तेच एक वाक्य लिहून खोडते आहे. रोज सकाळी उठायचं आणि पुन्हा तीच तारीख टाकायची. बाहेरचं ऊन तरी संध्याकाळी उतरतं.

आज दुपारी मी ते वाक्य काढून टाकलं. त्या जागी लिहिलं, 'उरलेले धागे वाटून टाकण्याची युक्ती उमरेडचे विणकर देवाजी' आणि हात थांबला. यावेळी मनाने थांबवलं नव्हतं. मला त्यांचं आडनाव माहीत नव्हतं. अख्खा उन्हाळा माणूस आमच्या खोलीत येत होता, त्याच्या घरची खीर मी चाटूनपुसून खाल्ली, आणि आम्ही नुसतं देवाजीभाऊ म्हणत राहिलो. कधी विचारलं नाही, कधी गरज पडली नाही.

वंदनाला फोन लावला. मागे शिलाई मशीन चालू होतं.

"वंदना, बाबांचं पूर्ण नाव सांगशील का?"

"कायले पायजे, मॅडम?"

"पुस्तकात लिहायचं आहे. ते धागे वाटायचं त्यांनी सांगितलं होतं. मी फक्त ऐकलं."

शिलाई मशीन थांबलं. मग ती म्हणाली, "थांबा. कार्ड पाहू द्या. चुकाले नाही पायजे." ट्रंक ओढल्याचा आवाज आला, झाकण उघडल्याचा आला. मी पेन धरून थांबले.

"हं, लिहा. देवाजी गोमाजी रामटेके."

मी लिहिलं.

"वाचून दाखवा बरं एक डाव," ती म्हणाली.

मी वाचून दाखवलं.